सर्वांना चौतीस

एकतीस वर्षं मी मुलांना पास करत आलो. दहावीला माझ्या वर्गाचा इंग्रजीचा निकाल शंभर टक्के, एकही वर्ष अपवाद नाही. नापास करायची वेळ माझ्यावर आली ती निवृत्तीनंतर, गंगापूर रोडवरच्या माझ्याच रो-हाऊसच्या हॉलमध्ये. ज्यांना नापास केलं त्यांत एक निवृत्त एस.टी. कंडक्टर होता, एक शिंपी होता, शेजारची सून होती आणि माझ्या पोळ्या करणारी बाई होती. हे असं सलग सांगितलं की सांगणारा वेडा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. जानेवारी लागला की प्रत्येक शिक्षकाला एकच प्रकरण वाटून द्यायचे आणि त्याने ते सगळ्या तुकड्यांकडून घोटून घ्यायचं. माझ्या वाट्याला आलं मोडल ऑक्झिलरी. कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट, वुड. 'तो जातो' हे कुणीही सांगेल हो! पण तो जाऊ शकतो, त्याने जायला हरकत नाही, त्याने जावं, त्याला गेलंच पाहिजे, कदाचित जाईलही, पूर्वी जायचा, हा सगळा फरक हे एवढेएवढे शब्द करतात. परीक्षेत मार्क दोनच, पण हमखास. एकतीस वर्षं घोटल्यावर बाकीचं व्याकरण मला तसं बेताचंच येत असे, पण मोडलमध्ये नाशिक जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी म्हणत नाही, स्टाफरूम म्हणायची.

सगुणा, म्हणजे माझी पत्नी, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अश्विन बंगलोरला. त्याचा दर रविवारी संध्याकाळी फोन. प्रश्न तीन: जेवण नीट चाललंय ना, गोळी घेतली ना, आणि तिकडे थंडी आहे का. तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं की 'बरं बाबा, ठेवतो' म्हणून तो ठेवायचा. मग मी रिसीव्हर हातात धरून थोडा वेळ तसाच बसायचो. सकाळ कशीही निघून जाते, पेपर आहे, भाजी आहे, बँक आहे. साडेपाच वाजले की मात्र घर अंगावर येतं. मी रेडिओ लावून ठेवायचो आणि त्याच्यावरच्या शेतीच्या सल्ल्याला मोठ्याने उत्तरं द्यायचो. द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल माझी मतं तेव्हा फार ठाम झाली होती.

तर २००३ सालच्या जानेवारीत मी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहिलं, 'मोडल ऑक्झिलरीचा मोफत वर्ग. सायंकाळी साडेपाच ते सात. रविवारीसुद्धा.' रविवार मुद्दाम घातला. रविवार फार लांबलचक असतो.

पुठ्ठा गेटला लावतोय तोच खंडेराव आले. हे समोरच्या घरातले निवृत्त कंडक्टर. "सर, मोफत काढून टाका. मोफत म्हटलं की लोकांना वाटतं आत काहीतरी खपवायचंय." तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटरवरून उतरले. म्हणाले, रहिवासी जागेत व्यवसाय चालणार नाही. मी म्हटलं, अहो मोफत आहे. ते म्हणाले, मग तर लेखी द्या. तीन आठवडे पत्रव्यवहार झाला. शेवटी ठराव झाला की हा वर्ग नसून 'चर्चा' आहे, आणि पाटी लावायची तर गेटच्या आतल्या बाजूने. म्हणजे जो आत आला त्यालाच कळणार की आत यायचं होतं. एकतीस वर्षं ज्याने खडू हातात धरला त्याची ही अवस्था!

तरी चार जण जमले. खंडेराव जमले ते वादासाठी. नाक्यावरचा दत्तू शिंपी आला, कारण त्याच्याकडे इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकणी यायला लागल्या होत्या. पलीकडच्या घरातली नवी सून, चैताली, विंचूरला वाइनची कंपनी निघाली होती तिथे पाहुण्यांचं स्वागत करायच्या नोकरीसाठी तयारी करत होती. चौथी नवसाबाई. ती मूळची सुरगाण्याकडची, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कणीक मळता मळता ती आतून ऐकायची. एक दिवस पिठाच्या हाताने दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी बी बसू का? तिकडून नीट ऐकू येत नाय."

मी चार खुर्च्या मांडल्या. सगुणा गेल्यानंतर ह्या घरात चार खुर्च्या एकदमच मांडल्या होत्या त्या तेराव्याला.

पहिले तीन आठवडे कॅन. आणि तिथूनच माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. नवसाबाई आणखी दोन घरी पोळ्या करायची. त्यातल्या एका घरी आयत्या वेळी सहा पाहुणे आले. बाईंनी सांगितलं, वीस पोळ्या जास्तीच्या टाक. नवसाबाईने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आय कॅनॉट." त्या बाई तशाच चपला घालून माझ्याकडे आल्या. "सर, तुम्ही शिकवता चांगलंच, पण कुणाला काय शिकवावं याचा काही विचार?" मी त्यांना समजावत होतो की कॅनॉट हे असमर्थता दाखवतं, त्यात उर्मटपणा नाही. आतून नवसाबाई ओरडली, "उर्मटपना नाय बाई, हात दुखत व्हते!"

मग माइट. माइट म्हणजे शक्यता, तीही जरा पातळ. दत्तूला हा शब्द इतका आवडला की काय सांगू! आतापर्यंत तो गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' सांगायचा आणि उद्या द्यायचा नाही. आता ब्लाउज कधी मिळेल विचारलं की मान तिरकी करून "टुमारो... इट माइट" म्हणायला लागला. लग्नसराईचे दिवस. एका वधूमायने त्याच्या दुकानासमोर फतकल मारली. तिला कुणीतरी सांगितलं की हे ह्याला गांगुर्डे सरांनी शिकवलंय. दुसऱ्या दिवसापासून मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायला लागलो.

खंडेरावांनी मे शिकायला साफ नकार दिला. "कंडक्टरच्या आयुष्यात मे नसतो, सर. पुढे सरका, सुट्टे काढा. सगळं मस्ट." मस्ट शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर परस्पर सात ओळींची इंग्रजी सूचना लावली. सातही ओळींत मस्ट. सेक्रेटरींनी मला नोटीस दिली की 'चर्चे'चं रूपांतर आदेशात होत आहे.

चैतालीचा मात्र त्रास नव्हता. ती वही घेऊन खाली मान घालून बसायची. वुड आलं तेव्हा मी म्हटलं, आपण विंचूरची तालीम करू. मी पाहुणा, तू विचार. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वुड यू लाइक समथिंग, सर?" वाक्य एकदम बिनचूक. मी व्हेरी गुड म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. तुम्हाला काय हवंय असं मला दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं. मी खोकल्याचं निमित्त करून मागच्या अंगणात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आत खंडेराव सांगत होते, "सरांना धूळ सोसत नाही, खडूची."

एप्रिल उजाडला आणि प्रकरण संपलं. मी किती ताणलं म्हणून सांगू! शुड आणि ऑट टू मधला फरक मी नऊ दिवस शिकवला. पण सात शब्द ते सातच शब्द. एका संध्याकाळी खंडेरावांनी वही मिटली. "झालं ना सर? मग आता नारळ फोडू, समारोप करू." दत्तू म्हणाला, "हार माझ्याकडं लागला." सगळे हसले. मला डोळ्यांसमोर साडेपाच वाजलेले आणि रेडिओवरची भुरी दिसली. मी टेबलावर हात आपटला. "परीक्षेशिवाय समारोप? शंभर मार्कांचा पेपर होईल. जो नापास होईल त्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल!"

पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. दोनदोन पर्याय दिलेले, योग्य शब्द निवडून लिहायचा. चौघांनीही झकास लिहिलं. चैतालीला चौऱ्याण्णव, खंडेरावांना बहात्तर, दत्तूला सहासष्ट, नवसाबाईला अठ्ठावन्न. मी लाल पेन हातात घेऊन बसलो आणि मग मास्तराने जे आयुष्यात करू नये ते केलं. समास सोडला नाही, गुण कापले. आयवर टिंब नाही, कापले. अक्षर उजवीकडे झुकलंय, कापले. चौघांना कापत कापत चौतीसवर आणून ठेवलं. आता चौतीसच का? त्याला माझा अनुभव आहे. वीस मिळालेला पोरगा शाळा सोडतो. चौतीसवाला सोडत नाही. पस्तीसला पास, म्हणजे एवढंसंच तर राहिलं, असं म्हणत तो मुकाट्याने पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. मला ती माणसं परत त्याच खुर्च्यांवर हवी होती. दुसरं काही नको होतं.

शुक्रवारी प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी दिली. चैतालीने चिठ्ठी उघडली, परत घडी घातली, आणि नमस्कार न करता गेली.

शनिवारी सकाळी नवसाबाईने तवा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "ती चैताली सोमवारी विंचूरला जायची नाय."

"का? मुलाखत आहे ना तिची?"

"ती म्हनली, घरच्या सरांनी नापास केलं, तिथले कशाला पास करतील. कालपासून जेवली नाय पोरगी. सासू बी म्हनती, बरं झालं, घरी बस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपल्या चार खुर्च्यांचा हिशोब करत बसलो आणि इकडे एका पोरीची नोकरी बुडवली. मी कपाटातून तिचा पेपर काढला आणि पलीकडे गेलो. पायऱ्यांवर ती कोथिंबीर निवडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, "चैताली, तुला चौऱ्याण्णव आहेत. मी खोटे मार्क दिले. सगळ्यांनाच. प्रकरण संपलं असतं, आणि मग संध्याकाळी घरात कुणी..."

तिने पेपर घेतला, पानं उलटली. "सर, मी कालपासून रडतेय," ती म्हणाली. "फार वाईट केलंत तुम्ही." आणि कोथिंबीर तिथेच टाकून आत गेली. बरोबरच बोलली. मी आयुष्यात पुष्कळ पोरांना रडवलंय, पण ते त्यांच्या चुकांवरून.

सोमवारी सकाळी ती निळी साडी नेसून बाहेर पडली. गेटपाशी मी उभा होतो. तिने बघितलं नाही. बुधवारी कळलं, नोकरी लागली. कंपनीची गाडी सकाळी आठला यायची आणि संध्याकाळी साडेसातला सोडायची. म्हणजे ती आता वर्गाला येणार नव्हती, रागावली नसती तरी.

इकडे दुसरंच पेटलं होतं. खंडेराव पँट कमी करायला दत्तूकडे गेले आणि तिथे चिठ्ठ्या बाहेर निघाल्या. दोन चौतीस. तेवढ्यात नवसाबाई तिथून चालली होती, तिसरा चौतीस. गुरुवारी साडेपाचला खंडेराव टेबलापाशी उभे राहिले. "सर, तीन पॅसेंजर तीन गावांना जातायत आणि तिघांच्या हातात एकाच नंबरचं तिकीट. चेकर काय म्हणेल?"

खरं सांगून मोकळं व्हायची ती वेळ होती. पण एकदा पायऱ्यांवर झालेली शोभा पुरे होती. मी ताठ बसलो. "गुणांबद्दल शंका असेल तर रीतसर अर्ज करा."

झालं! अर्ज म्हटल्यावर खंडेरावांच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी तीन अर्ज आले, तीन प्रतींत. मागणी एकच: फेरपरीक्षा, आणि तीही बाहेरच्या परीक्षकाकडून. परीक्षक म्हणून त्यांनी कुणाला गाठावं? कारभारी आहेर सरांना! हे माझ्याच शाळेतले गणिताचे मास्तर. ह्यांचा निकाल अठ्ठ्याण्णवच्या वर कधी गेला नाही आणि माझे शंभर टक्के ह्यांच्या घशाखाली कधी उतरले नाहीत. रविवारी दुपारी चार वाजता ते लाखेचं सील लावलेलं पाकीट घेऊन आले. मला म्हणाले, "गांगुर्डे, नियमाप्रमाणे विषयशिक्षकाला परीक्षा केंद्रात थांबता येत नाही."

"अहो, हे माझं घर आहे!"

"आत्ता केंद्र आहे."

आणि मी माझ्याच ओट्यावर, चपलांच्या शेजारी बसलो. पेढे आणून ठेवले होते. मनाशी ठरवलं होतं की ही मंडळी आज पास होतील, पेढे द्यायचे, हात जोडायचे आणि पुठ्ठा उतरवायचा. उगाच लोकांना आपल्या एकटेपणाच्या दावणीला बांधून ठेवायचं नाही. रेडिओचे सेल तेवढे नवे आणायला हवे होते.

खिडकीतून आतलं दिसत होतं. नवसाबाई मध्येच थांबून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. दत्तूचे ओठ हलत होते. आणि वीस मिनिटं झाली नसतील तोच तिघांनीही पेनं खाली ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. पन्नास प्रश्न वीस मिनिटांत सुटत नाहीत. येत नाही की काय यांना? तीन महिने मी शिकवलं काय मग?

आहेरांनी तिथल्या तिथे पेपर तपासले. मग दार उघडून मला आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर विजय असायला हवा होता, पण गोंधळच दिसत होता.

"गांगुर्डे, तिघंही नापास. तिघांनाही चौतीस."

"चौतीस?"

"प्रत्येकाने बरोबर सतरा प्रश्न सोडवलेत. सतराही अचूक. बाकीचे तेहेतीस कोरे. कॉपी म्हणावी तर प्रत्येकाचे प्रश्न वेगळे. ह्याने सुरुवातीचे सोडवलेत, ह्याने शेवटचे, आणि बाईंनी एक सोडून एक घेतलेत. तीस वर्षं गणित शिकवलं मी, हे असं होत नाही."

मी तिघांकडे बघितलं. खंडेराव छताकडे बघत होते. दत्तू नखं बघत होता.

"नियमाप्रमाणे," खंडेराव घसा साफ करून म्हणाले, "नापास झालेल्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. मस्ट."

"मंग उद्या कॅनपासून ना?" नवसाबाई उठली. "आज पोळ्या राह्यल्या तुमच्या." आणि ती आत गेली.

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो, कारण हॉलमध्ये आहेर होते आणि माझे डोळे भरून आले होते. तिने परातीत पीठ घेतलं. म्हणाली, "अर्ज दिल्यावर चैतालीनं सांगितलं आमाला समदं. लय राग आला आधी. खंडेराव तर बोर्डावर लिवनार व्हते." मग पाणी ओतता ओतता माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, एकटं वाटतं तर या, बसा म्हनायचं. नापास कशाला करायचं? आमी आलोच असतो."

परवानगी कशी मागायची, विनंती कशी करायची, हे मी एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या पोरांकडून घोकून घेतलं. आणि समोरच्या माणसाला 'या, बसा' म्हणायची मला लाज वाटली. मी नवसाबाईला एवढंच म्हटलं, "पेढा घे."

बाहेर आहेर सर मी नेऊन दिलेला पेढा खात खात माझा पुठ्ठा वाचत होते. गेटच्या आतल्या बाजूला असल्यामुळे त्यांना तो आताच दिसला. "रविवारीसुद्धा असतो का हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तो पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग निकालपत्रावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: निकाल शून्य टक्के. आणि खाली माझी सही घेतली. एकतीस वर्षांची माझी इज्जत त्या सहीसरशी गेली. मी सही मात्र ठसठशीत केली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा चार खुर्च्या मांडल्या. चैतालीची रिकामी राहिली. ती सुट्टीची घरीच होती, अंगणात कपडे वाळत घालत होती. "काय सर," एवढंच म्हणाली, हसली नाही. पण ते तिने आपणहून म्हटलं. साडेपाचला खंडेराव आले, दत्तू आला, नवसाबाई हात पुसत बसली. मी फळ्यावर कॅन लिहिलं आणि फोन वाजला. अश्विन होता.

"बाबा, जेवण नीट चाललंय ना?"

"हो."

"गोळी घेतली ना? तिकडे..."

"अश्विन, घरात माणसं आलीत रे," मी म्हटलं. "ठेवतो."